डबीवर दोन, भोक पाचाचं

लातूरला क्लासेस वाढले तेव्हा आमच्या दुकानाला पहिल्यांदा बरे दिवस आले. नांदेड, परभणी, पार यवतमाळहून मुलं येत होती आणि प्रत्येकाला झोपायला जागा पाहिजे होती. ज्याच्या घरात दोन खोल्या जास्तीच्या, त्यानं होस्टेल काढलं. होस्टेलच्या खोलीत लोखंडी कॉट लागायच्या, एकावर एक, दोनमजली. त्या आम्ही बनवायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. आम्ही दोघं मूळचे लोहा तालुक्यातले. मी नांदेडच्या आयटीआयला वेल्डिंग शिकलो, तो माझ्याजवळ शिकला, आणि माझ्यापेक्षा चांगला शिकला.

तेव्हा दिवसातून कित्येक तास लाईट नसायची. विजेवरचं वेल्डिंग तेवढा वेळ बंद. म्हणून कॉटच्या पातळ पाईपची जोडणी आम्ही गॅसवर करायचो. एका सिलिंडरमधून ऑक्सिजन, दुसऱ्यातून गॅस. दोन रबरी नळ्यांतून दोन्ही टॉर्चमध्ये येतात, तिथं मिसळतात आणि पुढच्या तांब्याच्या टिपेतून ज्योत बाहेर पडते. टॉर्च म्हणजे हातात धरायची मूठ आणि टीप म्हणजे तिचं तोंड. तोंडाला किती मोठं भोक, त्यावरून टिपेला नंबर. पातळ कामाला दोन-तीन, जाड कामाला पाच-सात.

तीन मजल्यांच्या एका होस्टेलचं काम मिळालं आणि आमच्या जुन्या टॉर्चनं मान टाकली. बाजारात तीन कंपन्यांच्या मिळत होत्या. नवी घ्यायची तर कुठली, यावर घरात आठ दिवस वाद चालला. मेव्हणा म्हणाला, "दाजी, वाद कशाला? तिन्ही आणू. दोन-दोन दिवस चालवून बघू. हात सांगल कुठली घ्यायची ते." दोन टॉर्च ओळखीच्या दुकानांतून परतीच्या बोलीवर आणल्या, एक विकतच घ्यावी लागली.

विकत घेतलेली मुंबईच्या कंपनीची होती. पितळेची, जड, पण तोल असा की बोटांवर आडवी ठेवली तर पडायची नाही. तिची चावी मऊ फिरायची. अर्धा केस फिरवली तर ज्योतही अर्धा केसच बदलायची. दुसरी पंजाबची. हलकी, दिवसभर धरली तरी मनगट दुखत नसे, पण चावी कशी, तर आधी हलायची नाही आणि हलली की एकदम उडी मारायची. ज्योत कधी मिणमिणती, कधी फुस्स. तिसरी हैदराबादहून आलेली. तिच्यात दोष काढण्यासारखं काही नव्हतं, फक्त तासाभरानं तिची मान इतकी तापायची की हातमोज्यातून चटका लागायचा. मेव्हण्यानं पत्र्याच्या दारावर खडूनं तिघींचे गुण लिहिले. मुंबईवालीला त्यानं सगळ्यांत जास्त दिले आणि मग शेवटी लिहिलं, 'टिपा महाग.'

खरंच महाग होत्या. टॉर्च वर्षानुवर्षं टिकते, टिपा झिजतात. तेव्हा गंजगोलाईच्या, म्हणजे लातूरच्या जुन्या बाजाराच्या, बाजूच्या एका हार्डवेअरवाल्यानं सांगितलं की त्याच कंपनीच्या टिपा त्याच्याकडे लॉटमधल्या आल्यात, डबीबंद, कमी भावात. मी दोन नंबरच्या सहा डब्या घेतल्या. डब्या कंपनीच्याच होत्या. टिपा चकचकीत होत्या. मी एक वर करून भोकातून उजेड बघितला, गोल दिसला. खिशात घातल्या आणि दुकानावर आलो.

सकाळचे अकरा-साडेअकरा झाले असतील. मेव्हण्यानं नवी टीप बसवली, दोन नंबरला जेवढा दाब लागतो तेवढा लावला, ज्योत पेटवली. मी पाईप कापत होतो.

"दाजी," तो म्हणाला, "ज्योत मऊ वाटायली. जाडी बी वाटायली."

मी मान वर करून पाहिलं. ज्योतीच्या मुळाशी जो निळा-पांढरा दाणा असतो तो टोकदार पाहिजे. हा बोथट होता, बोरासारखा.

"कमी कर थोडी," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. आणखी कुणी नाही. त्यानं चावी फिरवून गॅस कमी केला. टिपेनं फटाक्यासारखा एक आवाज केला आणि ज्योत दिसेनाशी झाली. विझली असं मला वाटलं. मग मुठीच्या आत बारीक शिट्टी वाजायला लागली. ती शिट्टी मी आयटीआयमध्ये पुस्तकात वाचली होती, ऐकली कधी नव्हती. ज्योत बाहेर जळण्याऐवजी आत शिरली होती, नळीच्या दिशेनं मागं चालली होती. मी करवत टाकून सिलिंडरकडे धावलो. माझा हात ऑक्सिजनच्या चावीला लागला आणि मागं नळी फुटली.

आवाज फार मोठा नव्हता. सायकलची ट्यूब फुटावी तेवढा. मी दोन्ही चाव्या बंद करून वळलो तर मेव्हणा उभाच होता. टॉर्च खाली पडली होती. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे. हातमोजा मनगटाशी फाटून हाताला चिकटला होता. त्यानं मला विचारलं, "दाजी, बंद झाली का?"

मी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रस्त्यात तो एकच गोष्ट बोलत होता, की चावी आपण बरोबर फिरवली होती. मी हो म्हणत होतो. बायकोला निरोप द्यायचा होता. शेवटी निरोप नेणाऱ्यालाच म्हणालो, तूच सांग काय ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं, ते काम करायला नाही. टीप शोधायला. ती कोपऱ्यात पाईपच्या तुकड्यांत पडली होती. टिपा साफ करायला तारांचा एक जुडगा असतो, प्रत्येक नंबरच्या भोकाला त्याच जाडीची तार. मी दोनची तार घातली. ती भोकात खुळखुळली. तीनची घातली, तीही सैल. पाचची तार बरोबर बसली. उरलेल्या पाच डब्या उघडल्या. पाचही टिपांची तीच गत. डबीवर दोन, भोक पाचाचं. दोनच्या दाबावर पाचचं भोक चालवलं की गॅस बाहेर पुरेशा जोरानं निघत नाही, आणि ज्योत मागं सरकते. आणि मी म्हणालो होतो, कमी कर.

मी टीप भिंगाखाली धरली. मला कंपनीचा शिक्का नीट बघायचा होता. शिक्का बफ मारून, म्हणजे पॉलिशच्या चाकावर घासून, अर्धा पुसला गेला होता. पण मानेशी, जिथं आटे सुरू होतात तिथं, कानशीचे दोन बारीक घाव होते. शेजारी शेजारी, तिरपे.

मी भिंग खाली ठेवलं. परत उचललं. घाव तिथंच होते. तो हात मला ठाऊक होता. लातुरात मला पहिलं काम देणारे, मला हातात टॉर्च कशी धरायची ते नव्यानं शिकवणारे माझे उस्ताद. त्यांच्या हातून साफ होऊन गेलेल्या प्रत्येक टिपेवर ते असे दोन घाव घालायचे. म्हणायचे, "माझं काम बिघडलं तर माझ्याकडंच परत यावं, म्हणून."

उस्तादांबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

भूकंप झाला त्या साली मी त्यांच्या दुकानात होतो. त्या पहाटे आम्ही सगळे रस्त्यावरच होतो. उजाडल्यावर एक जीप गल्लीगल्लीतून गॅस कटिंगवाला हुडकत आली. उस्तादांनी चहाचा कप तसाच ठेवला, सिलिंडर टेम्पोत चढवले, मला म्हणाले चल. आम्ही ज्या गावात पोचलो तिथं घरं नव्हती, दगडामातीचे ढिगारे होते. रडण्याचा आवाज असेल असं मला वाटलं होतं. आवाजच नव्हता. लोक नुसते दगड उचलून बाजूला टाकत होते.

एकाच घराला स्लॅब होता. तो तिरपा खाली बसला होता, आणि खिडकीची लोखंडी जाळी तेवढी वर राहिली होती. जाळीमागं एक बाई आणि तिच्या दोन मुली जिवंत होत्या. बाईच्या कमरेपर्यंत भिंत आली होती. उस्ताद तिला म्हणाले, "बहन, पोतं ओलं करून देतो, पोरींच्या तोंडावर धर. ठिणग्या उडतील." मी पोतं भिजवून आत सारलं. त्यांनी कापायला सुरुवात केली. हवेत इतकी माती होती की टिपेची भोकं भरून जायची. ज्योत फटाका मारून विझायची. तीन वेळा विझली. तीन वेळा उस्तादांनी टीप काढून तारेनं साफ केली, परत बसवली. चौथा गज सुटला तेव्हा मी मुलींना बाहेर ओढलं. दोघी धड होत्या. पोतं त्यांच्या आईनं शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं. तिच्या हातातून ते सोडवावं लागलं. ती केव्हा गेली ते आम्हाला कळलं नव्हतं.

परतताना उस्ताद टेम्पोत एकदाच बोलले. "दहा मिनिटं गेली टीप साफ करण्यात." मी म्हणालो, भिंतच एवढी होती, तुम्ही काय करणार.

त्यानंतर त्यांनी ज्योत पेटवली नाही. दुकान सहा महिन्यांत बंद केलं. घराच्या ओसरीवर एक छोटं लेथ मशीन टाकलं आणि झिजलेल्या टिपा दुरुस्त करायला लागले. सगळ्या लातुरात कुणाची टीप बिघडली की त्यांच्याकडे यायची. भोक वेडंवाकडं झालं असेल तर ते मोठ्या नंबरच्या सुईनं सरळ गोल करायचे. दोनची टीप झिजली तर तिची पाच करायचे, जुना आकडा कानशीनं घालवून नवा कोरायचे. स्वच्छ, सुबक काम. मी कितीतरी टिपा त्यांच्याकडून करून घेतल्या होत्या.

ती टीप मुठीत धरून मी त्यांच्या ओसरीवर गेलो. उस्तादांची बायको, आमच्या चाची, दारात तांदूळ निवडत होत्या. "ये बेटा, पोराचा हात कसा हाय?" त्यांनी विचारलं. बातमी पोचली होती. मी उस्तादांसमोर बसलो आणि टीप त्यांच्या लेथवर ठेवली.

त्यांनी चष्मा लावला. मला वाटलं, म्हणावं त्यांनी की माझी नाही. दोन घाव काय, कुणीही घालू शकतो. मी ते मानायला तयार होतो.

"माझीच हाय," ते म्हणाले. मग भोक पाहिलं. "पाच केली होती मी. पाच कोरलं होतं. कुठाय पाच?"

"पुसलंय. डबीवर दोन होतं."

"कुणाच्या डबीवर?"

मी हार्डवेअरवाल्याचं सांगितलं. त्यांचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. तोच माणूस वर्षभर त्यांच्याकडे भंगारातल्या टिपा पाठवत होता. म्हणायचा, गरीब कारागिरांना स्वस्तात द्यायच्यात. उस्ताद दुरुस्त करून देत होते. त्यांना आनंद वाटायचा की टाकलेली चीज परत कामाला लागते.

"किती केल्या?" मी विचारलं.

ते बराच वेळ बोटांवर मोजत राहिले. "चाळीसच्या वर," म्हणाले. आणि चाचींच्या हातातलं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

आम्ही दोघं हार्डवेअरवाल्याकडे गेलो. तो गादीवरून उठलाही नाही. "मी विकतो, बनवत न्हाई," तो म्हणाला. "डबी वरून आली तशी मी दिली. तुमच्या पोराला चालवता आली न्हाई, त्याला मी काय करू?" मी पुढं झालो, तर उस्तादांनी माझा दंड धरला. त्यांनी वाद घातला नाही. ते त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसले. कुणी गिऱ्हाईक आलं की टीप दाखवायचे आणि शांतपणे सांगायचे, "ही मी केलेली हाय. नंबर खोटा हाय. एका पोराचा हात जळाला." दुसऱ्या दिवशीही बसले. जुन्या बाजारात त्यांना ओळखत नाही असा कारागीर नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी हार्डवेअरवाल्यानं एक कागद त्यांच्यासमोर टाकला. त्यावर डब्या कुठं कुठं गेल्या ती दुकानं होती. "आता उठा," म्हणाला.

उस्तादांकडे बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात त्यांच्या आयुष्यभरातल्या चांगल्या टिपा होत्या, काही त्यांच्या उस्तादांच्या. तो डबा पिशवीत घालून आम्ही एसटीनं फिरलो. लातुरातल्या बारा टिपा दोन दिवसांत मिळाल्या. नांदेडला रेल्वे स्टेशनजवळच्या एका दुकानात नऊ. तिथला कारागीर आमच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "ही फटाके मारते म्हणून मी पोराला रोज शिव्या देत होतो." उस्तादांनी त्याला डब्यातली टीप दिली. लोह्याला माझ्याच गावाकडच्या एका लोहारानं सांगितलं की त्याची टीप विहिरीत पडली. खोटं सांगत असेल असं मला वाटलं, पण उस्ताद म्हणाले, पडली असंल तर बरंच झालं.

शेवटी धर्माबाद. तिथं ट्रॅक्टरचे रेडिएटर दुरुस्त करणारं एक दुकान होतं. मालकानं डब्यांचा ढीगच समोर ठेवला, वीसेक असतील. मी म्हणालो, झालं, हिशोब पुरा झाला. उस्ताद उकिडवे बसले आणि भिंगातून एकेक बघायला लागले.

"ही माझी. ही बी माझी." मग थांबले. "ही न्हाई." पुढची उचलली. "ही न्हाई. ही न्हाई."

वीसातल्या चारच त्यांच्या निघाल्या. बाकीच्यांवर घाव नव्हते. भोकं तर इतकी वेडीवाकडी की उस्तादांनी एक टीप मला दाखवली आणि ढिगापासून दूर ठेवली. कुणीतरी खिळ्यानं पाडल्यासारखी. आणि सगळ्या डब्यांवर तोच कंपनीचा छाप. मालक म्हणाला, या डब्या लातूरच्या नव्हेतच, दुसराच एक माणूस मोटारसायकलवर आणून देतो. कुठला, त्याला ठाऊक नव्हतं.

इतके दिवस मला वाटत होतं की एक वाईट माणूस आणि एक फसलेला माणूस, एवढीच ही गोष्ट आहे. धर्माबादच्या त्या फरशीवर मला पहिल्यांदा कळलं की हे किती ठिकाणी चाललं असेल आणि किती हातांत या टिपा असतील. मालकानं विचारलं, "मग मी आता कोनती वापरू?" आम्ही त्याला तारांचा जुडगा कसा वापरायचा ते शिकवलं. डबीवर विश्वास ठेवू नको, तारेवर ठेव. उस्तादांच्या डब्यातल्या शेवटच्या दोन टिपा त्याला दिल्या. माझ्या सहा धरून आम्हाला एकूण एकतीसच टिपा परत मिळाल्या. बाकीच्या कुठं आहेत ते आजही मला माहीत नाही.

कंपनीला मी सगळं कळवलं. एक माणूस आला, टिपा घेऊन गेला, परत काही कळलं नाही. हार्डवेअरवाला वर्षभरानं दुकान विकून निघून गेला.

मेव्हणा दीड महिन्यानं घरी आला. उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण मिटत नव्हती. उस्ताद भेटायला आले तेव्हा मी दोघांच्या मधे बसलो, कारण काय होईल याची मला भीती होती. उस्तादांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बेटा, टीप माझ्या हातची होती," ते म्हणाले. "तू मला जे म्हणायचं ते म्हण."

मेव्हण्यानं उजवा हात मांडीवर घेतला. मग म्हणाला, "उस्ताद, तुमचा राग येत न्हाई मला. दाजींचा बी न्हाई. लोक इचारतात, राग येतो का. मला हात दुखतो, बस. दुसरं काय येतच न्हाई."

'दाजींचा बी' असं तो म्हणाला तेव्हाच मला कळलं की 'कमी कर' हे माझे शब्द त्यालाही आठवत होते. आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना तेवढं सांगितलं नव्हतं. मी तिथंच, दोघांसमोर सांगितलं. मेव्हणा म्हणाला, "मी बी तेच केलं असतं, दाजी. दोन नंबरची असती तर तेच बरोबर होतं."

गॅसवर तो परत आला नाही. त्यानं रिक्षा घेतली. क्लासची मुलं सकाळी होस्टेलवरून नेतो, दुपारी आणतो. बोटं रिक्षाच्या हँडलला पुरतात, असं म्हणतो. मी मुंबईवाली टॉर्चच ठेवली. दोष तिचा नव्हता. तीन मजल्यांच्या त्या होस्टेलच्या कॉट मी एकट्यानं पुऱ्या केल्या, दोन महिने उशिरा. मालक उशिराबद्दल फार बोलला. मी ऐकून घेतलं.

उस्तादांनी लेथ विकलं. त्यानंतर सहा-सात महिने ते आमच्या दुकानावर रोज सकाळी यायचे, बाकावर बसायचे, मी पेटवण्याआधी टीप माझ्या हातातून घ्यायचे, तार घालून बघायचे आणि परत द्यायचे. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. चहा घ्यायचे आणि उन्हं चढायच्या आत घरी जायचे.